सुकाणूवरून काढलेला हात

समुद्रावर मला ज्याने कामाला घेतलं, जेवू घातलं आणि घाबरत घाबरत का होईना उभं राहायला शिकवलं, तो उत्तनचा एक म्हातारा तांडेल. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सांगताना मी-मी फार होईल आणि त्यात तो माणूस मागे राहून जाईल, अशी मला भीती वाटते. तशी मला भीती कशाचीही वाटते.

तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. सुकाणू त्याच्या हातात. जाळं कुठे टाकायचं, परत कधी फिरायचं, सगळं तोच ठरवणार. एकदा किनारा सुटला की त्याच्या शब्दापुढे कुणाचंच चालत नाही.

मी नगरकडचा. पाणी पाहिलं ते विहिरीचं. सातवीत शाळा सुटली आणि आईबापाच्या मागे ऊसतोडीला गेलो. तिथला मुकादम ऊठ म्हणाला की उठायचं, बस म्हणाला की बसायचं. ताप आलाय हेसुद्धा त्याला विचारून सांगायचं. त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की वरचा माणूस म्हणजे ज्याची मूठ कधी सैल पडत नाही.

पुढे गावच्या एका ओळखीच्या माणसाकडे, भाईंदरजवळच्या काशीगावला आलो. हायवेवरच्या एका हॉटेलात भांडी घासायचं काम मिळालं आणि मालक बदलला तसं ते गेलंही. आम्ही घरचे ख्रिस्ती. उत्तनला मोठं चर्च आहे एवढं ऐकलं होतं, म्हणून एका रविवारी भाईंदरहून बस पकडून गेलो. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली, लोक पांगले, तरी मी पायरीवरच बसून राहिलो. जायचं कुठे हेच ठरत नव्हतं. एक रुंद खांद्यांचा म्हातारा समोर येऊन उभा राहिला.

"जेवला का रं?"

मी मान हलवली. होय की नाही ते मलाही कळलं नाही.

"चल. बोंबील खातो का? न खाऊन जातो कुटं!"

त्याच आठवड्यात मी त्याच्या होडीवर खलाशी म्हणून चढलो.

पहिल्या सकाळी ओहोटीबरोबर आम्ही निघालो. मला मळमळत होतं, म्हणून तांडेलाने मागे, सुकाणूजवळ बसवलं होतं. किनाऱ्यावर एक पांढरा कुरूस आहे. तिथले लोक क्रुसाला कुरूस म्हणतात. त्याच्या समोर, बाहेर पडायच्या वाटेवर, डाव्या हाताला काळे खडक आहेत. होडी बरोबर तिथे आली आणि तांडेलाने इंजिनाचा गिअर काढला. डोक्यावरची टोपी काढली. सुकाणूवरचा हातही काढला आणि डोळे मिटले. सगळे खलाशी उभे राहून 'आमच्या बापा' म्हणू लागले.

होडी आपली आपण चालली होती. सुकाणू मोकळं, जरा डावीकडे, जरा उजवीकडे हलत होतं. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, एक खलाशी, खडक जवळ आला तर होडी ढकलायला, बांबू घेऊन उभा होता, पण त्याचेही ओठ प्रार्थनेतच. मला फक्त खडक दिसत होते. मी झेप घेतली आणि सुकाणू घट्ट धरलं.

प्रार्थना थांबली आणि हशा पिकला.

"अरे, नवीन तांडेल आला रे!"

"आत्ता ओकत चढला, लगेच होडी चालवतो!"

तांडेल हसला नाही, रागावलाही नाही. माझ्या बोटांवर आपला खरखरीत हात ठेवून म्हणाला, "हात काड. आता ती आपली न्हाय."

"मग कोणाची?"

"बापाची. आमेन झालं की परत आपल्याकडं देतो तो. रोज देतो. मी काय मालक हाय?"

पुढे किती तरी सकाळी मी हे पाहिलं आणि तरी प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा आला. ज्याला कुणी उलट बोलत नाही तो माणूस रोज सगळ्यांसमोर आपला हात रिकामा करतो! भाईंदरला नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागलेले असतात. त्यांवरचे सगळे पुढारी हात जोडून उभे. पण सोडलेला हात मी या एकाचाच पाहिला.

एकदा मी धीर करून म्हटलं, "तांडेलकाका, खरं म्हणजे ओहोटीच नेते ना होडीला बाहेर?"

"नेते की."

"मग?"

"ओहोटीला कोन नेतं?" असं म्हणून तो जाळं विणायला लागला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या डोक्यात तो अजून चालू आहे.

गेल्या पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, त्याच्या उजव्या हाताची ताकद गेली. डॉक्टर म्हणाले, लकव्याचा झटका हलका होता, पण सुकाणू आता नाही. होडी जावयाकडे जाणार हे ठरलं. जावई कष्टाळू, पण कडक. चहाच्या टपरीवर त्याने माझ्या कानावर पडेल असंच सांगितलं होतं, "आपल्याला गावातलेच लोक बस. बाहेरच्यांचं टेन्शन नको." तेव्हापासून माझी झोप उडाली. होडीवरची जागा गेली की खाणं, खोली, रविवारची ती पायरी, सगळंच जाणार होतं. तांडेलाकडे रडगाणं गायलो तर तो म्हणाला, "मी न्हाय ठेवला तुला, बापानं ठेवला. मी काय अडवनार? प्रार्थना कर." मला त्याचा राग आला होता.

मासेमारीचा मोसम उघडायच्या दिवशी फादरनी होड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. आमच्या होडीत तांडेलाला दोघांनी धरून बसवलं. सुकाणू सोडायला तो शेवटचा आला होता. तिथली रीत अशी की जुना तांडेल नव्याच्या हातात सुकाणू देत नाही. तो सोडतो. मग प्रार्थना होते आणि आमेननंतर नवा ते उचलतो. मध्ये ते कुणाच्याच हातात नसतं.

बांबू घेऊन मी नाळेवर होतो, त्या दिवसापुरता तरी. कुरूस समोर आला. गिअर निघाला. तांडेलाने डाव्या हाताने टोपी काढली, सुकाणू सोडलं आणि प्रार्थना सुरू झाली. त्या दिवशी पाण्याला ओढ होती. होडी डावीकडे, खडकांकडे सरकली, आणि मी मागे वळून पाहतो तर जावयाने दोन्ही हातांनी सुकाणू आवळून धरलेलं!

प्रार्थना थांबली. या वेळी कुणी हसलं नाही. नव्या तांडेलाला कोण हसणार? जावयाचा चेहरा मला नीट दिसला. त्यात माज नव्हता. माझ्या पहिल्या सकाळचीच भीती होती ती, अगदी तीच. इतके दिवस मी ज्याला टरकून होतो, तो माझ्यासारखाच घाबरलेला निघाला.

म्हाताऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

बोललो तर उद्या काम नाही, हे मला कळत होतं. तरी तोंडातून निघून गेलंच, "दादा, मीपण पहिल्या दिवशी धरलं होतं. मला तर ओकारीपण आली होती."

मग एक म्हातारा खलाशी खुदकन हसला, आणि पाठोपाठ सगळीच होडी. जावईही हसला, कसंनुसं. त्याने एकेक बोट सोडवावं तसा हात काढला. आम्ही 'आमच्या बापा' पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. खडक इतके जवळ आले की त्यांवरची कालवांची पांढरी कवचं मला दिसली. मी बांबू उचलला, पण टेकवावा लागला नाही. पाणी खडकांवर आपटून मागे फिरलं आणि त्याच पाण्याने नाळ हळूच बाहेर वळवली. माझ्या पायाखालची ती एवढी मोठी होडी, कुणीही न वळवता, वळली. आणि पहिल्यांदाच मला भीती वाटली नाही.

"आमेन," जावई सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. त्याने सुकाणू हातात घेतलं आणि ओरडला, "ए नगरकर! तिथंच उभा राहा. नाळ तुझी आता. रोज!"

मी तांडेलाकडे पाहिलं. तो कुरसाकडे बघत होता, मांडीवर रिकामा हात ठेवून.

आता तो घरासमोर बसून डाव्या हाताने जाळी दुरुस्त करतो. पायही थकलेत, होडीत चढवत नाही. आम्ही परतलो की विचारतो, "सोडलं काय रं त्यानं आज?" मी म्हणतो, "सोडलं." मग तो समाधानाने मान हलवतो.

त्याचं मी काय फेडणार? पण एक ठरवलंय. समुद्र शांत असेल अशा एखाद्या सकाळी त्याला पाठीवर घेईन, गुडघाभर पाण्यातून नेईन आणि माझ्या जागेवर, नाळेवर, बसवीन. कुरसासमोर प्रार्थना होईल, होडी आपली आपण वळेल, आणि मी त्याला मागून धरून उभा असेन. हे मी करीनच.