क्लोरीन हवेपेक्षा जड असतो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. आज तुम्हाला सांगायला बसले तर छातीत धडधडतंय — या वयात! दादरच्या एका क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवते. क्लोरीनचा धडा आला की मुलं कुजबुजतात, आज मॅडम चिडल्यात. चिडत नाही हो मी. घाबरलेली असते.

संप झाला तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहायचो. मी बारावी सायन्सला, अख्ख्या मजल्यावर एकटीच. त्यामुळे हरभऱ्याच्या झाडावर चढलेली. औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असो की दूध का नासलं ते विचारायचं असो — लोक माझ्याकडे यायचे. आणि ‘माहीत नाही’ म्हणायला माझी जीभ रेटायची नाही.

गिरण्या बंद पडल्या तशी चाळीची वर्गणीही थांबली. संडास धुणारा येईनासा झाला, मग घरटी पाळी लागली. त्या सकाळी पाळी शेजारच्या सावंतकाकींची होती. काका संपावर, आणि घर चालायचं ते काकींच्या खानावळीवर. गोदीतली माणसं त्यांच्याकडे जेवायला यायची. एका हातात ॲसिडची बाटली, दुसऱ्या हातात ब्लिचिंग पावडरचा पुडा घेऊन त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"गो बाय, दोनय एकत्र घातलां तर चलात?"

मला खरंच माहीत नव्हतं का? तेच तर — माहीत होतं! ब्लिचिंग पावडरवर ॲसिड टाकलं की क्लोरीन निघतो, समीकरणासकट पाठ होतं. नळाच्या पाण्यातही क्लोरीनच घालतात ना? जंतू मरतात ना? मग चांगलंच की! मी ऐटीत म्हणाले, "घाला काकी, डबल साफ होईल. आणि दार लावून घ्या, म्हणजे गॅस आत टिकेल."

पिण्याच्या पाण्यात तो किती थोडा विरघळलेला असतो, आणि बंद संडासात तोच किती तीव्र होईल — हा विचार मी केला नाही. वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो, हेही परीक्षेत लिहिलं होतं. पण उकिडवं बसून लादी घासणाऱ्या बाईचं तोंड कुठे असतं, ते मला सुचलं नाही.

लोकांनी दार तोडून त्यांना बाहेर काढलं. त्या वाचल्या. इथवरची चूक मी कदाचित सांगूही शकले असते — पोरवय, अर्धवट ज्ञान, लोक हळहळले असते. पण पुढचं?

काकी हॉस्पिटलातून आल्या आणि म्हणाल्या, ह्या चेडवान सांगितल्यान. सगळा मजला माझ्याकडे बघायला लागला. आईने विचारलं. माझा आवाज — आवाज अगदी स्वच्छ निघाला. "मी तर एकत्र घालू नका म्हणाले होते."

सगळ्यांनी मान डोलावली. शिकलेली पोरगी, ती कशाला असं सांगेल? काकांनी गॅलरीतच काकींना अडाणी, बेअक्कल म्हणून झापलं. मी तिथेच उभी होते.

काकींची छाती मात्र गेली ती गेलीच. स्टोव्ह पेटवला की ढास लागायची, फोडणी टाकता टाकता त्या खाली बसायच्या. गोदीतली माणसं दुसरीकडे जेवायला लागली. खानावळ बंद झाली. पुढे त्यांनी बिऱ्हाड गावाला हलवायचं ठरवलं. रोज वाटायचं, आज सांगू. रोज वाटायचं, उद्या.

निघायच्या दिवशी काकी दम खात आमच्या दारात आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "माझांच चुकलां गो. तू शिकलेला चेडू, असां कित्याक सांगशीत? मी उगाच तुझां नाव घेतलंय. मनात धरू नको."

आणि मी — मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "जाऊ दे काकी. होतं असं."

मी त्यांना माफ केलं.