दाढेच्या तेलातला हिमालय

मी शिकलो चौथीपर्यंत. अक्षरं मात्र मोठी आणि सरळ काढायचो, म्हणून पेंटर झालो. सीताबर्डीतल्या बऱ्याच दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या होत्या. बायको म्हणायची, "लिहाले सारं येते, वाचाले लावलं का अडकते." खोटं नव्हतं.

डोंगर-नदी काढायचं मात्र मी कॅलेंडरं पाहून आपलं आपण शिकलो. त्याची रीत अशी. आधी फळीवर सफेदा अन् जवसाचं तेल कालवून पातळ अस्तर मारायचं. ते ओलं आहे तोवरच वरून रंग घालायचा, म्हणजे डोंगराचा पाय धुक्यात विरून जातो. अस्तर सुकलं की खेळ संपला. मग डोंगर पत्रा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात काय ओलं राहणार? तेल वाढवलं तर रंग ओघळायचा, कमी केलं तर दुपारच्या आत साय धरायची.

त्यात एका सावजी भोजनालयाच्या मालकानं मला बोलावलं. नवीन जागा घेतली होती.

"पेंटर, बर्फाचा पहाड पाहिजे. सहा फुटाचा. गिऱ्हाइकाच्या नाकातून पाणी वाहून राहिलं, अन् समोर हिमालय. पाहूनच थंड वाटलं पाहिजे."

"मग तिखट कमी टाका ना."

"तिखटाचं माहं मी पाहतो. तू पहाड काढ गा. अक्षय तृतीयेले उद्घाटन हाय. नसन जमत तर सांग, मी कॅलेंडर टांगतो."

हे कॅलेंडरचं मला लागलं. दोन फळ्या वाया घालवल्या. दोन्हीवर पत्र्याचेच डोंगर.

त्याच दिवसांत बायकोची दाढ दुखत होती. तिची लवंगाच्या तेलाची शिशी देवाच्या फोटोमागं असायची. एका सकाळी कापसाचा बोळा दाढेत दाबताना एक थेंब माझ्या फळीवर पडला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळी फळी कडक, आणि रुपयाएवढी जागा ओली. बोट लावून वास घेतला. लवंग.

मागितलं असतं तर तिनं दिलं असतं. पण काहून पाहिजे ते विचारलं असतं, आणि मला एकदा तरी तिच्यापेक्षा हुशार व्हायचं होतं. मी शिशी खिशात घातली. किती थेंब घालायचे ते ठाऊक नव्हतं, म्हणून सगळीच ओतली.

भोजनालयात दिवसभर अस्तर लोण्यासारखं राहिलं. डोंगर असा धुक्यात उतरला की मीच दोनदा मागं सरकून पाहिला. घरी आलो तर बायकोचा गाल टम्म.

"अवो, शिशी पाहिली का माही?"

"कोणती?"

"लवंगाची."

मी तिच्याबरोबर शोधायला लागलो. खाटेखाली वाकलो. देवाच्या फोटोमागंसुद्धा पाहिलं, जिथून ती मीच उचलली होती.

"मांजरानं नेली असन," मी म्हटलं.

"मांजराची बी दाढ दुखून राहिली का?"

मग चार दिवस ती गालात अख्खी लवंग धरून बोलायची. अर्धं कळायचं, आणि जे कळायचं ते न कळलेलं बरं असं असायचं.

उद्घाटनाला तिला घेऊन गेलो. डोंगर अजून ओलाच. मी मालकाला सांगून ठेवलं होतं, हात लावू नका. पण नव्या वस्तूला कुंकू लावल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही. गल्ल्याला लावलं, चुलीला लावलं, आणि भरलेलं बोट त्यानं थेट शिखरावर टेकवलं. बोट बर्फात रुतलं. घाबरून ओढलं तर हातभर लाल ओघळ.

"अरे, हा पहाड कच्चा हाय ना."

मी धोतराच्या सोग्याला अंगठा पुसला आणि तो लाल रंग शिखराच्या बर्फात हळूहळू पसरवत नेला. ओलं होतं म्हणून साधलं. बर्फावर ऊन उगवलं.

"हेच राहिलं होतं," मी मालकाला म्हटलं. "तुमच्या हातानं करायचं होतं."

तो इतका खूश झाला की रंगानं पांढरं झालेलं बोट कपाळाला लावून त्यानं डोंगराला नमस्कार केला.

मग बायको पुढं झाली. डोंगराजवळ नाक नेलं. माझ्याकडं पाहिलं, पुन्हा वास घेतला.

"माही दाढ इथं हाय तर."

त्यानंतर ती जेवायला बसली आणि त्या गालानं दोन वाट्या रस्सा प्यायली. दुसऱ्या दिवशी मी नवीन शिशी आणली. तिनं ती तांदळाच्या डब्यात खुपसली. "आता इचारून घ्याची."

पुढं वर्षानुवर्षं विचारूनच घेतली. ती पदराला हात पुसून शिशी काढायची आणि स्वतः मोजायची. "चार थेंब. पहाड लहान हाय." मी पाच मागायचो. चारच मिळायचे.

ती जाऊन पाच महिने झाले. एकट्याला तांदूळ लागतो किती. परवा डब्याचा तळ लागला आणि मापाला शिशी लागली. भरलेली. तिची शेवटची दाढ पडूनच आठ-दहा वर्षं झाली होती. कवळी काही दुखत नाही.

मी डब्यात पाहून विचारलं, "घेऊ का वं?"

मग शिशी तळाशी होती तशी ठेवली आणि वरून नवा तांदूळ ओतला. न विचारता एकदा घेतली, तेवढं पुरे.