प्रियूच्यापेक्षा मोठा स्कूप

जया तापकीर आणि मंदाकिनी बारटक्के खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकत्रच कामाला लागल्या आणि एकत्रच निवृत्त झाल्या. मधली सगळी वर्षं पॅकिंगला दोघींची टेबलं शेजारी शेजारी होती. जयाच्या हातची भरली वांगी मंदाकिनीला आवडतात म्हणून जया दोन वांगी जास्त आणायची. मंदाकिनीचे मिस्टर गेले तेव्हा कितीतरी दिवस जया तिच्याकडे झोपायला जात होती. त्यामुळे मंदाकिनीच्या आयुष्यात आपल्याला ठाऊक नाही असं काही नाही, अशी जयाची खात्री होती.

म्हणूनच मंदाकिनीने मेटल डिटेक्टर घेतल्याचं तिला जिन्यात, भलत्याच माणसाकडून कळलं तेव्हा तिला टोचलं.

ते भलतं माणूस म्हणजे प्रियदर्शनी. मंदाकिनीच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी, यवतमाळची, खराडीला आयटीत नोकरी करणारी मुलगी. हेडफोन गळ्यात अडकवून ती जिना उतरत होती.

"काकू, मंदामावशीचं मशीन आलं, पाहिलं का तुम्ही? आम्ही शनिवारी दिवेआगरला चाललोय. वाळूत काय काय सापडतं माहितीये का! तुम्ही पण चला ना."

मंदाकिनी मावशी आणि आपण काकू, हे जयाच्या लगेच लक्षात आलं. वर गेल्यावर मंदाकिनीने मशीन दाखवलं आणि खिडकीतून खाली पाहत हाक मारली, "प्रियू, हेडफोन नेलेस का गं?" प्रियू! जया या नावाचं लाडाचं काही होत नाही हे खरं, पण इतक्या वर्षांत मंदाकिनीने प्रयत्नसुद्धा केला नव्हता.

शनिवारी जया गेली. किनाऱ्यावर तिच्या लक्षात आलं की हे काम दोघींचं आहे. एकीने मशीन जमिनीलगत फिरवायचं. ते वाजलं की दुसरीने स्कूप खुपसायचा. स्कूप म्हणजे लांब दांड्याला बसवलेला छिद्रांचा डबा. वाळू उचलून हलवली की ती गळून जाते आणि वस्तू आत राहते. मशीन मंदाकिनीकडे होतं, स्कूप प्रियूकडे. जयाकडे पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि तिघींच्या चपला.

बाटल्यांची बुचं निघाली, गंजलेला खिळा निघाला, मग एक चांदीचं जोडवं निघालं. मंदाकिनी लहान मुलीसारखी टाळ्या पिटायला लागली. ज्या घरी उतरल्या होत्या तिथल्या बाईंकडे जोडवं देऊन "गावात कोणाचं हरवलंय का विचारा" असं सांगायचं ठरलं. पण त्याआधी फोटो झाला. मंदाकिनी आणि प्रियू, मध्ये जोडवं. फोटो जयाने काढला.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला, बापूरावांना, सगळं ऐकवलं. त्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "मग तूही खण की."

"खणायला स्कूप लागतो."

"मग घे."

जयाने फोनवर शोधलं. स्टीलचे होते, ॲल्युमिनियमचे होते, गोल भोकांचे, षट्कोनी भोकांचे, आखूड दांड्याचे, दांडाच नसलेले. कोणता कशासाठी हे वाचायचा तिला धीर नव्हता. प्रत्येक फोटो पाहताना तिच्या मनात एकच प्रश्न होता. हा प्रियूच्यापेक्षा मोठा आहे का? मनासारखा एकही मिळाला नाही, तेव्हा ती उठून कसबा पेठेत गेली. तिथे आमोद नावाचा एक कारागीर स्टीलची भांडी आणि पत्र्याची कामं करून द्यायचा.

"वाळू चाळायचा डबा करून हवाय," जया म्हणाली. "लांब दांड्याचा. समुद्रावर न्यायला."

"समुद्र आला का पुण्यात? मेट्रोनंतर तेवढंच राहिलं होतं." आमोदने हातातलं काम खाली ठेवलं. "वाळू कोरडी की ओली?"

"दोन्ही."

"भोकं केवढी पाडू?"

"बारीक. काही निसटायला नको."

"आणि डबा?"

जयाने दोन्ही हात पसरून दाखवले. आमोद तिच्या हातांकडे आणि मग तिच्या मनगटांकडे पाहत राहिला. "बाई, एवढा डबा रिकामा उचलाल तुम्ही. भरलेला कोण उचलणार?"

"ते माझं मी बघेन."

"बघा. मी दांडा जाड बसवतो, म्हणजे निदान माझ्या कामाला कोणी नावं ठेवायला नको."

पुढच्या खेपेला गाडीच्या डिकीत तो स्कूप मावेना. मागची सीट अर्धी पाडून तिरका ठेवावा लागला. मंदाकिनी म्हणाली, "अगं, हे काय धूड?" प्रियू मात्र म्हणाली, "काकू, एकदम सॉलिड आहे!" जयाला ते कौतुक वाटलं नाही. ही आपली टिंगल करते आहे, असंच तिने धरलं आणि ताम्हिणी उतरेपर्यंत ती तिच्याशी बोलली नाही.

किनाऱ्यावर मशीन पहिल्यांदा वाजलं तेव्हा जया धावली. स्कूप खुपसला, पायाने दाबला. डबा ओल्या वाळूने गच्च भरला आणि जागचा हलेना. कसाबसा पाण्यापर्यंत ओढत नेऊन तिने हलवला, तर बारीक भोकांतून वाळू गळायचं नावच घेईना. पाणी आत यायचं आणि आतच राहायचं. तिने बोटांनी वाळू उपसली तेव्हा तळाशी एक रुपया होता. तेवढ्यात पलीकडे मशीन पुन्हा दोनदा वाजलं होतं आणि प्रियूने आपल्या छोट्या स्कूपने दोन्ही खड्डे उरकलेही होते. तीनचार खड्ड्यांनंतर जयाचा गुडघा बोलायला लागला.

"जया, तू बस जरा सावलीत," मंदाकिनी म्हणाली. "प्रियू काढेल."

मंदाकिनीने ते काळजीनेच म्हटलं होतं. जयाला ऐकू आलं ते एवढंच की तुझी गरज नाही.

थोड्या वेळाने दोघी शहाळं प्यायला वर गेल्या. "मला नको," म्हणून जया वाळूतच बसून राहिली. प्रियूने आपला स्कूप पाण्याजवळ रोवून ठेवला होता. भरती चढत होती. एक लाट दांड्याला लागून परत गेली. दुसऱ्या लाटेने दांडा कलला, तिसरीने स्कूप आडवा झाला. जयाने हाक मारायला तोंड उघडलं. पण मागे शहाळ्याच्या गाडीपाशी त्या दोघी कशावरून तरी खिदळत होत्या, आणि तिने तोंड मिटलं. चार पावलं टाकली असती तरी हात पोचला असता. ती उठली नाही. फेस ओसरला तेव्हा तिथे नुसती सपाट वाळू होती.

"इथेच रोवला होता ना मी?" परत आल्यावर प्रियू गोल गोल फिरायला लागली. मग ती रडवेली झाली. "दादाने राखीला घेऊन दिला होता तो."

हे जयाला माहीत नव्हतं.

मंदाकिनीने हेडफोन लावले आणि मशीन फिरवायला घेतलं, पण भलतीकडेच. पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर तिथे उभंही राहता आलं नसतं. जया पाहत होती.

"तिथे नाही," ती शेवटी म्हणाली. "इकडे. या बाजूला."

मंदाकिनीने एका कानावरचा हेडफोन वर केला. "तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग हाक का नाही मारलीस?"

जयाने बोटाने पुन्हा तीच जागा दाखवली. मंदाकिनी तिने दाखवलेल्या जागी आली आणि मशीन किंचाळायला लागलं. खणायला जयाचं धूडच काय ते होतं. तिने ते आत घातलं, दोन्ही पायांनी त्यावर उभी राहिली, पण वर येईना. तेव्हा प्रियूने दांडा दुसऱ्या बाजूने धरला. दोघींनी मिळून ओढलं, पुन्हा घातलं, पुन्हा ओढलं, आणि वाळूतून प्रियूच्या स्कूपचा दांडा वर आला.

येताना घाटाच्या वर चहाला थांबल्या तेव्हा प्रियू फोनवर बोलत लांब गेली आणि मंदाकिनीने विचारलं, "तुला झालंय तरी काय?"

"तू मशीन घेतलंस ते मला जिन्यात कळलं."

"एवढ्यासाठी?"

"तिला प्रियू म्हणतेस. मला म्हणतेस, सावलीत बस."

मंदाकिनी चहा हातात धरून उभी राहिली. "तुला आधी सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? या वयात ही कसली थेरं, असंच ना?"

"म्हणाले असते," जया म्हणाली.

"म्हणून नाही सांगितलं. पण म्हणून तू त्या पोरीची वस्तू वाहून जाऊ द्यायचीस?"

प्रियू परत आली तेव्हा जया तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मला दिसत होतं गं. मी मुद्दाम हाक मारली नाही."

"कळलं होतं काकू." प्रियूने गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली होती. "लय राग आला मले." रागात तिची यवतमाळची बोली वर आली. मग ती सावरून म्हणाली, "अजून आहे थोडा."

"असू दे," जया म्हणाली.

नंतर बरेच दिवस जयाने दोघींपैकी कोणालाच फोन केला नाही, त्यांचा आला तरी उचलला नाही. ते धूड गच्चीत पडून होतं. बापूरावांनी त्यात कोथिंबीर लावू का असं विचारलं, त्यावर ती हसलीही नाही. शेवटी एका रविवारी सकाळी तिने प्रियूला फोन लावला आणि एका दमात विचारलं, "मला छोटा स्कूप करून घ्यायचाय. माझ्या गुडघ्याला आणि हाताला झेपेल असा. भोकं केवढी हवीत?"

प्रियू सांगायला लागली. भोकं करंगळी जेमतेम जाईल एवढी, म्हणजे ओली वाळू गळते आणि अंगठी राहते. डबा हलका, पण पुढची कड धारेची. दांडा खांद्यापर्यंत, म्हणजे वाकावं लागत नाही. जया नीट ऐकत होती. तेवढ्यात मागून मंदाकिनीचं हसणं ऐकू आलं आणि नेहमीच्याच जागी टोचलं.

"ती आहे का तिथे?"

"हो. तर्रीपोहे केलेत मी."

"मला नाही बोलावलंत," जया म्हणाली. तिने हे मनात न ठेवता मोठ्याने म्हटलं, याचं तिलाच नवल वाटलं.

फोन मंदाकिनीने घेतला. "फोन कोण उचलत नव्हतं? ये आता. आणि येताना शेव आण, इथली संपलीये."

जया पोचली तेव्हा पोहे गार झाले होते. तिने तसं बोलून दाखवलं. प्रियूने तर्री पुन्हा गरम केली, मंदाकिनीने पाठकोऱ्या कागदावर करंगळी ठेवून भोवती पेन फिरवलं, आणि करंगळी कोणाची धरायची यावरून तिघींत वाद सुरू झाला.