डोंगरातली बाद झालेली रेकॉर्डिंगं

ही गोष्ट सांगायचं मी तीन वर्षं टाळलं. कुणी विचारलंही नाही, ते माझ्या सोयीचं झालं. बायको गेल्यावर कर्जतच्या या दोन खोल्यांत माझ्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. दूधवालासुद्धा पिशवी दाराला अडकवून जातो.

तेव्हा एका संस्थेचं काम आलं. आरोग्य केंद्रासाठी ते फोनसेवा तयार करत होते. बाईनं फोनवर दुखणं सांगायचं, मशीननं ते ओळखायचं आणि नर्सला कळवायचं. मशीन चुकायचं, म्हणून माणसानं त्याला सुधारायचं होतं. मी हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकायचो, मशीननं काय ओळखलं ते पडद्यावर वाचायचो, आणि बरोबर की चूक ते सांगायचो. त्यावरून ते शिकणार होतं. खरं म्हणजे दुपारभर कानात कुणीतरी बोलत असे, त्यासाठीच मी ते काम घेतलं.

कशेळ्यापलीकडच्या वाड्यांतली रेकॉर्डिंगं एक आरोग्यसेविका करून आणायची. मी शाळेत मराठी शिकवायचो तेव्हा ती माझ्याच वर्गात होती. ‘नाय’ म्हणाली की मी तिला उभं करून ‘नाही’ म्हणायला लावायचो. आता ती डोंगर चढून घरोघरी बायकांना बोलतं करत होती. काम सुरू झालं तेव्हा तिचा फोन आला.

“सर, ऐकणारे तुमी हाय म्हनल्यावर मला घोर नाय.” मग हसून म्हणाली, “फक्त ‘नाय’ला उभं करू नका हां. म्हाताऱ्या हायेत, गुडघे दुखतात त्यांचे.”

खालच्या गावांचं बोलणं मला कळायचं. डोंगरातलं कळत नव्हतं. पहिल्याच म्हातारीचं रेकॉर्डिंग मी सात वेळा ऐकलं. आवाज स्वच्छ होता. मागे कोंबडी ओरडत होती, भांडं घासल्याचं ऐकू येत होतं. म्हातारी काय सांगते तेवढंच कळेना. तिचे शब्द इथे लिहूनही दाखवता येत नाहीत, कारण मला ते अजून येत नाहीत.

पडद्यावर दोन बटणं होती: ‘मला समजलं नाही’ आणि ‘आवाज अस्पष्ट’. पहिलं दाबलं तर रेकॉर्डिंग ती बोली जाणणाऱ्या माणसाकडे जाणार होतं. दुसरं दाबलं तर बाद. मी दुसरं दाबलं. जन्मभर मराठीचा मास्तर, आणि त्याला मराठी समजली नाही, अशी नोंद माझ्या नावापुढे व्हायला नको होती. पुढच्या बाईलाही मी तेच केलं. नंतर सगळ्यांनाच.

मशीन मन लावून शिकलं. त्या वाड्यांतला आवाज आला की ते आपणहून ‘आवाज अस्पष्ट’ ठरवू लागलं, आणि मी ‘बरोबर’ म्हणू लागलो. इतका आज्ञाधारक विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नव्हता.

संस्थेनं आरोग्यसेविकेला कळवलं, तुमची रेकॉर्डिंगं खराब आहेत. तिच्याकडून ते काम काढून घेतलं. एका दुपारी ती रेकॉर्डिंगचा फोन घेऊन माझ्या घरी आली.

“सर, तुमीच सांगा. तिथं पंखा नाय, गाडी नाय. आवाज खराब झाला कुठनं?”

“फोन जुना असेल गं.”

“नवाच हाय.”

“मग धरताना काही झालं असेल.”

तिनं फोन पिशवीत टाकला. “सेवा चालू झाली ना, तर बाया फोन लावतात. मशीन म्हनते, मोठ्यानं बोला. पोर तापानं फणफणलेलं, आणि आई ओरडतेय फोनवर. आता त्या मला विचारतात, तू आमचं काय नेलंस?”

चहा अर्धा ठेवून ती गेली.

पुढे माझंही काम संपलं. हेडफोन परत गेला. एके सकाळी मी जीपनं कशेळ्याला गेलो. ती बाजारात औषधांची पिशवी घेऊन उभी होती.

“इकडं कुठं, सर?”

“सहजच.”

तिनं माझी तब्येत विचारली. मी गोळ्यांची नावं सांगितली. परतीची जीप लागली तशी ती ड्रायव्हरला म्हणाली, “सरांना पुढं बसव रं, मागं धक्के बसतात.” मी पुढे बसलो. ती डोंगराच्या रस्त्याला लागली. घरून पाठ करून नेलेलं तसंच मनात राहिलं: तुझ्या कामात काही खोट नव्हती. मला त्या बायकांचं बोलणं कळलं नाही, आणि मी लाजेपोटी खोटं बोललो. वाडीतल्या बायकांना माझं नाव सांग. मला माफ कर.