आक्कांची पिसांची माशी

“आक्का, तुमचा हात गेला आता.” पेणजवळच्या जोह्याच्या गणपती कारखान्यात, सगळ्यांसमोर, हे मी बोललो. ते खरं नव्हतं.

आक्का मूर्तींचे डोळे रंगवायच्या. तुम्ही अशा कारखान्यात गेला असाल तर पाहिलं असेल, अंगाचा रंग कुणीही देतं. डोळे एखादीच्याच हाती देतात.

मी रोह्याचा. कंपनीतली शिफ्ट संपली की कुंडलिकेवर गळ टाकून बसणारा हौशी. आमच्यातले काहीजण गळाला पिसांची माशी बांधतात, पाण्याखाली बुडणारी, मासा खरा किडा समजून गिळतो अशी. काही माश्या इतक्या देखण्या असतात की काचेच्या चौकटीतच ठेवाव्यात. डोळे रंगवणारा हात पिसंही बारीक बसवेल म्हणून तशी एक मी आक्कांकडून बांधून घेतली.

गळ पकडीत धरून त्या रेशमाचे वेढे घालत, कोंबड्याच्या मानेचं पीस पंखासारखं बसवत. मग माशी पेल्यातल्या पाण्यात बुडवत. ओला पंख अंगाला चिकटला की सगळं उसवत.

“झाली ना, आक्का?”

“गप रे. अजून बघत नाय ती.”

“माशाला काय कळतंय?”

“त्याला कळतंय. तुझं सांग.”

चौथ्यांदा बांधल्यावर म्हणाल्या, “व्हय. आता बघते.”

माशी डबीत घालून नेली. रोह्याला मित्रांपुढे डबी उघडली, तर तिचा एक पंख वाकडा. सगळे हसले. तो राग घेऊन मी पेणला उतरलो, जोहे गाठलं आणि ते वाक्य बोललो. आक्कांनी माशी उजेडात धरली. मग परत माझ्या हातात दिली. कारखानदाराने माझं बोलणं ऐकलं होतं. त्याच आठवड्यात डोळ्यांचं काम दुसरीकडे गेलं आणि आक्का पॉलिशपेपरने मूर्ती घासायला बसल्या.

महिन्याभराने डबीच्या बिजागरीत पिसाचे तंतू सापडले. झाकण लावताना पंख मीच चेपला होता.

तरी दोन गणपती आले-गेले, मी गप्प राहिलो. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. आक्कांच्या नखांत मूर्तींची पांढरी भुकटी, बोलताना खोकला.

“मोडलेलं पीस नि वाकडं बांधलेलं पीस मला ओळखता येत नाय व्हय? मला कशाला सांगतोस? जिथं बोललास तिथं सांग.”

“उद्याच जातो.”

गेलो नाही. लाज वाटली. त्याच उन्हाळ्यात आक्का वारल्या.

तेराव्यानंतर कारखान्यात गेलो. डोळे नसलेल्या मूर्ती ओळीने माझ्याकडे तोंड करून होत्या.

“काय साहेब, माशी पायजे?” कारखानदाराने विचारलं.

“नको. सगळ्यांनी ऐका. पंख माझ्या डबीत मोडला होता. आक्कांचा हात गेला नव्हता. कळल्यावरही मी गप्प बसलो. माझं चुकलं.”