दाराकडे पाठ

आमचे हे सीमेवरच्या चकमकी पाहून फौजेतून कायमचे घरी आले, आणि आमच्यात काहीतरी बिनसलं. मी ताट वाढलं की ते उचलून ओसरीवर जायचे, भिंतीला टेकून एकटेच जेवायचे. ते नसताना मी शून्यातून कांद्याचा व्यापार उभा केला, कोरेगाव भीमात घर बांधलं, आणि त्याच घरात यांना माझ्यासमोर बसवेना! हा अपमान मला आतून जाळत होता. विचारलं तर म्हणायचे, "काही न्हाई. तू जेव." शेवटी मी दौंडला भावाकडे कायमचं जायचं ठरवलं.

त्याआधी सासूबाईंनी यांच्यासाठी नवसात बोललेला देवीचा अभिषेक तेवढा उरकायचा होता. सवयीने मी देवीशीही सौदाच केला: यांना एकदा माझ्याजवळ बसव, नाहीतर हा नमस्कार शेवटचा.

वडगाव रासाईच्या देवळात गुरुजींनी यांच्या उपरण्याची माझ्या पदराशी गाठ मारली आणि पाट मांडले. तोंड देवीकडे, पाठ उघड्या दाराकडे. हे बसायचे आणि लगेच उठायचे. कपाळावर घाम. प्रत्येक वेळी माझा पदर ओढला जायचा. माझं डोकं तापलं. "बसा की हो! लोकं बघत्यात."

तेवढ्यात खांबाशी बसलेली एक अनोळखी म्हातारी उठली आणि यांच्या मागे, दाराकडे तोंड करून बसली.

"बस लेका. मागचं मी बघते."

"आन् कुनी आलं तर?" यांनी खरोखरच विचारलं.

"कुत्रं आलं तरी सांगीन. तू पानी घाल देवीला."

हे बसले. त्यांचे खांदे सैल झालेले मी कितीतरी दिवसांनी पाहिले. मग एकेक आठवू लागलं. फौजेतून आल्यापासून कुणाच्या लग्नात, हॉटेलात, कुठंही गेलो तरी हे भिंतच धरायचे. आणि माझ्या स्वयंपाकघरात यांचा पाट होता दाराकडे पाठ करून!

प्रसाद द्यायला वळले, तर म्हातारी निघून गेलेली. "खुटबाव गावची असंल," गुरुजी म्हणाले. देवळाबाहेरची फूलवाली म्हणाली, तिकडची न्हवं. तिला हे कसं कळलं, याचं मला अजून नवल वाटतं. देवळात गेले की मी आधी त्या खांबाकडे बघते.

घरी आल्यावर यांचा पाट भिंतीशी मांडला आणि समोर मी बसले. हे जेवू लागले, मग थांबले.

"तुझी पाठ दाराकडं आली की."

"येऊ द्या. तुम्ही हाय की बघायला."

हे हसले. देवीने माझ्याशी घासाघीस केलीच नाही. मागचं कुणीतरी बघतंय असं मानून निवांत बसणं, मला वाटतं, यालाच शरण जाणं म्हणत असावेत. त्या दिवशी आम्ही दोघंही तसे बसलो होतो.