दोन श्वासांची जागा

“बाकीच्या दोघांनी पूर्ण गुण दिले आणि तू नापास केलंस! परक्याच्या पोरीला तरी असं केलं असतंस का, ताई?”

माझ्या नवऱ्याच्या आवाजाने फडताळातल्या कपबश्या हलतील असं वाटत होतं. ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, टेबलाच्या टोकाला हात जुळवून बसल्या होत्या. त्याचं बोलणं संपलं. दोन श्वास गेले. मग त्या म्हणाल्या, “परक्याच्या पोरीलाही नापासच केलं असतं.”

हे दोन श्वास मी अठ्ठावीस वर्षं सोसते आहे. ताईंना काही विचारा, त्या आधी थांबतात, मग बोलतात. फोनवर तर माणसं ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवूनच देतात. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला वाटलं, माझं बोलणं यांना उत्तर देण्याच्या लायकीचंच वाटत नाही. पुढे कळलं की दूधवाल्यालाही तसंच वागवतात, मग जरा बरं वाटलं.

ताईंनी लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं नोकरी केली आणि उरलेला वेळ रेडिओला दिला. ऐकायचा रेडिओ नव्हे, बोलायचा. घरात यंत्र ठेवून जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलण्याचा हा छंद, पण त्यालाही सरकारी परवाना लागतो, परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेच्या तीन परीक्षकांपैकी ताई एक. गल्लीत त्यांना ‘बिनतारी’ म्हणतात. स्वयंपाकघरामागची अडगळीची खोली त्यांची. तिथून गच्चीवर एक तार गेली आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मी तिच्यावर चादर वाळत घातली होती. दोन दिवस अबोला होता.

आमची चिमी त्याच खोलीत लहानाची मोठी झाली. यंदा तिला डोंगरावरच्या हवामान ठाण्यात नोकरी लागली. तिथे फोन चालत नाही, म्हणून रेडिओचा परवाना हवाच. एक तारखेला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. निकालाच्या कागदावर तीन सह्या लागतात. दोन झाल्या होत्या. तिसरी जागा रिकामी ठेवून ताईंनी तो कागद घरी आणला होता, सोमवारी परत द्यायचा होता.

“पण हिने केलं काय?” मी विचारलं. मी कोणाच्याच बाजूची नव्हते, म्हणजे चिमीच्या बाजूची होते.

चिमीनेच सांगितलं. परीक्षेत तिला एका केंद्राशी बोलायला लावलं होतं. बोलता बोलता मध्येच दुसऱ्या खोलीतून एक परीक्षक अगदी क्षीण आवाज सोडतो. तुटक, एखाददुसरा शब्द. चिमीने लगेच ओळखलं की कोणीतरी मध्ये येऊ पाहतंय. आणि ती म्हणाली, ‘आधी तुमचं पूर्ण कॉल साइन सांगा, मग पुढे बोला.’ कॉल साइन म्हणजे परवान्यावर मिळालेलं अक्षरांचं नाव. ते सांगितल्याशिवाय बोलणं नियमात बसत नाही.

“पुस्तकात तसंच आहे, आत्या. आणि वहीत तुझ्या हातचं लिहिलेलं आहे. समोरचा कोण ते कळल्याशिवाय पुढे जायचं नाही.”

दोन श्वास. “हो. मीच शिकवलं.”

“मग?”

“ते शिकवताना चुकलं माझं.”

“चूक तुझी आणि नापास मी?”

यावर चार श्वास गेले तरी उत्तर आलं नाही.

“बघ, बघ, आता दातखीळ बसली!” नवरा म्हणाला. “नवख्यांना नापास करून करून हिला चटकच लागलीय. बाहेरचे कमी पडले, म्हणून घरचं गिऱ्हाईक!”

भिंतीवरच्या घड्याळात सहा चाळीस व्हायला आले होते. ताई उठल्या आणि भांडण तसंच टाकून आपल्या खोलीत गेल्या. रोज याच वेळी जातात. पाहुणे असोत, आजारपण असो, माझे सासरे गेले त्या दिवशीही गेल्या होत्या.

“निघाली गप्पा छाटायला,” नवरा म्हणाला.

चिमी तरातरा मागे गेली आणि दार न वाजवताच आत शिरली. प्रकरण हातघाईवर येईल म्हणून मीही गेले.

ताई गप्पा मारत नव्हत्या. यंत्र सुरू होतं, त्यातून कढईत पाणी पडल्यासारखा बारीक चरचराट येत होता. बोलायचा माइक उलटा करून बाजूला ठेवलेला. त्या नुसत्या ऐकत होत्या. दहा मिनिटं झाल्यावर त्यांनी समोरच्या वहीत वेळ लिहिली, त्यापुढे काही अक्षरं लिहिली, आणि यंत्र बंद केलं.

चिमीने वही ओढून घेतली. प्रत्येक रेडिओवाल्याला अशी वही ठेवावी लागते. कधी, कोणाला ऐकलं त्याची नोंद. तिने पान उलटलं, मग आणखी एक, मग मागचा अख्खा गठ्ठा. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. रोज सहा चाळीस. रोज तेच कॉल साइन. मधले काही दिवस कोरे, पण फारच थोडे.

“हा कोण?” चिमीने विचारलं. “रोज बोलतो, आणि तू उत्तर देत नाहीस?”

“तो नाही आता,” ताई म्हणाल्या. या वेळी थांबल्या नाहीत.

बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एका माणसाची परीक्षा घेतली होती. ट्रक चालवायचा. हुशार, पण घायकुता. बोलायचं बटण दाबलं की आधी गोष्ट, मग कॉल साइन, तेही आठवलं तर. ताईंनी त्याला नापास केलं. तो पुन्हा बसला, पास झाला, आणि जाताना म्हणाला, ‘बाई, आता झोपेतही आधी कॉल साइनच सांगेन.’

परवाना मिळून अकरा दिवस झाले होते. एका वादळी संध्याकाळी ताई दोन नव्या मंडळींशी बोलत होत्या. ते दोघे एकमेकांचं वाक्य संपतं न संपतं तोच बटण दाबत होते, मध्ये सुई शिरायला जागा नव्हती. सहा चाळीसला कसाबसा एक क्षण मोकळा मिळाला आणि त्यात क्षीण आवाज आला. ‘गाडी…’ एवढंच.

“मला वाटलं, कोणीतरी नवखा घुसतोय,” ताई म्हणाल्या. “मी झापलं. म्हटलं, आधी कॉल साइन, नियमाने बोला.”

“मग?”

“बोलला ना नियमाने. एकेक अक्षर फोडून, सावकाश, दोनदा. एक चूक नाही. तेवढ्यात त्याच्या ट्रकमधल्या यंत्राची बॅटरी संपली.”

ट्रक दरीत गेला होता. कोणत्या दरीत, ते त्याला सांगायचं होतं. तिसऱ्या दिवशी सापडला.

“वाट बघत होता म्हणे. दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले.” ताईंनी वही चिमीच्या हातातून हळूच काढून घेतली. “तेव्हापासून मी दोन श्वास सोडते. कोणाला मध्ये यायचं असेल तर.”

मला माझी अठ्ठावीस वर्षं आठवली. म्हणजे पहिली सहा वर्षं त्या थांबत नव्हत्या? मी आठवून पाहिलं, पण मला नीट आठवेना. माणसाची सवय एकदा लागली की ती आधीपासूनच होती असं वाटतं. आणि मग मला दुसरंच सुचलं: जेवणाच्या टेबलाशी आम्ही इतकी वर्षं बोलतो आहोत आणि प्रत्येक वाक्यानंतर त्या कोणासाठी तरी जागा सोडताहेत.

दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला चिमी ताईंच्या पाठोपाठ आत गेली, तिसऱ्या दिवशीही. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. चरचराट. दुसरं काही नाही. नवऱ्याने विचारलं, “काय चाललंय आत?” मी म्हटलं, “काही नाही.” खरंच काही नव्हतं.

रविवारी संध्याकाळी मी वाळलेले कपडे ठेवायला त्या खोलीत गेले. वही उघडीच होती. शेवटच्या ओळीवरचं अक्षर ताईंचं नव्हतं. डावीकडे कललेलं, चिमीचं. सहा चाळीस, आणि पुढे तेच कॉल साइन. वहीत फक्त ऐकलेलंच लिहायचं असतं. हा नियम चिमी दहा वर्षांची असल्यापासून मला पाठ करून दाखवते.

मी कपडे पलंगावर टाकले आणि बाहेर आले.

जेवायला बसलो तेव्हा ताईंनी निकालाचा कागद टेबलावर ठेवला, खिशातून पेन काढलं. “सही करते,” त्या म्हणाल्या. “माझ्या चुकीची शिक्षा पोरीला नको. एक तारखेला जाऊ दे तिला.”

“आता कसं शहाण्यासारखं बोललीस!” नवऱ्याने पाण्याचा पेला बाजूला केला, कागद भिजू नये म्हणून.

ताईंनी पेनाचं टोपण काढलं. चिमी त्यांच्या हाताकडे पाहत होती. मी मोजले, दोन श्वास गेले, आणि या वेळी ते चिमीचे होते.

तिने कागद आपल्याकडे ओढला आणि घडी घातली.

“सही नको. हवामान खात्याला मी काल कळवलंय, नोकरीवर येत नाही म्हणून. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षेला बसेन. आणि संध्याकाळी सहा चाळीसला मला कोणी हाक मारायची नाही. मी आत असेन.”